बुटीक हॉटेल डिझाइन करायचंय? आधी रात्री अकरा वाजता खोलीत शिरून बघा

हॉटेलचे जे थ्रीडी व्ह्यू बनतात ना, ते जवळजवळ सगळे दिवसाचे असतात. खिडकीतून मस्त ऊन आलेलं, चादरीला एक सुरकुती नाही, टेबलावर पुस्तक उघडं, आणि खोलीत ना माणूस ना बॅग. खरा पाहुणा संध्याकाळनंतर येतो, दमलेला असतो, हातात दोन बॅगा, फोन चार टक्क्यांवर, आणि सकाळी उठून कामाला निघून जातो. म्हणजे त्याने पैसे मोजलेत ते मुख्यतः अंधार, शांतता, गरम पाणी आणि बरी गादी यासाठी. हे मला कळायला एक आख्खं प्रोजेक्ट जावं लागलं, म्हणून हा लेख त्याच बाजूने लिहितेय. शहरातलं, साधारण २० ते ६० खोल्यांचं हॉटेल, इमारत बघण्यापासून पहिला पाहुणा उतरेपर्यंत, पण रात्रीच्या हिशोबाने.

बुटीक म्हणजे काय, हे पटकन उरकू

खोल्या किती असल्या की बुटीक, यावर कोणी १० म्हणतं कोणी १००, त्यात वेळ घालवू नका. लंडनमध्ये अनूश्का हेम्पेलने १९७८ मध्ये ब्लेक्स सुरू केलं, मग १९८४ मध्ये न्यूयॉर्कला इयान श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल यांचं मॉर्गन्स आलं. मोठ्या साखळीची हॉटेलं म्हणजे डिपार्टमेंट स्टोअर आणि आपलं म्हणजे बुटीक, निवडक वस्तूंचं छोटं दुकान, अशी उपमा रुबेलच्या नावावर सांगतात आणि तो शब्द चिकटला तो चिकटलाच. मॉर्गन्सचं इंटिरिअर आंद्रे प्युटमन या फ्रेंच बाईंनी केलं होतं आणि त्यातली लोकांना आजही आठवणारी गोष्ट म्हणजे बाथरूममधल्या साध्या काळ्या-पांढऱ्या चौकडीच्या टाइल्स. संगमरवर नाही, सोनेरी नळ नाहीत. क्लायंट जेव्हा महागड्या दगडाचं सॅम्पल घेऊन येतो तेव्हा मी ही गोष्ट सांगते, कधी उपयोग होतो कधी नाही.

पायरी १: इमारत नीट वाचा, आणि खोल्यांचा खरा आकडा काढा

शहरात कोरी जागा क्वचित मिळते, बहुतेक वेळा जुनं ऑफिस, गोदाम किंवा राहती इमारत हातात येते. पहिल्या दिवशी टेप घेऊन फक्त कॉलममधलं अंतर मोजा, बाकी सगळं नंतर. ८ मीटरचं अंतर असेल तर नशीब, दोन खोल्या बसतात आणि भिंती वजा जाऊन प्रत्येकीला साधारण ३.७ मीटर रुंदी मिळते. बेड डोक्याच्या पॅनेलसकट २.१ मीटर धरला तर पायथ्याशी दीड मीटरच्या वर जागा उरते, बॅग उघडून ठेवता येते, दुसरा माणूस बाजूने जाऊ शकतो. ६ मीटरचं अंतर मात्र डोकेदुखी आहे, दोन खोल्या केल्या तर बेडच्या पायथ्याशी ६० सेंटीमीटर उरतात आणि एकच केली तर मालक रडतो. अशा वेळी बेड आडवा, खिडकीला लावून, भिंत ते भिंत टाकायचा विचार करा. सिटिझन-एम या हॉटेल कंपनीने २००८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाजवळ पहिलं हॉटेल काढलं तेव्हा जेमतेम १४ चौरस मीटरच्या खोलीत हेच केलं होतं, बेडच खोलीचा एक कोपरा बनून गेला. तोटा एवढाच की भिंतीकडे झोपलेल्याला रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडून जावं लागतं, आणि चादर घालणाऱ्याची कंबर मोडते.

आता आकडा. एकूण बांधलेल्या क्षेत्रातलं ६० ते ६५ टक्के खोल्यांना मिळेल असं मी धरून चालते. १५०० चौरस मीटर असेल तर खोल्यांना ९३० च्या आसपास, बाथरूम धरून २५ ची एक खोली, म्हणजे ३७ खोल्या. मालकाच्या डोक्यात ४८ असतात. त्या ११ जादा खोल्या कुठून येतात माहितीये? लिनन रूममधून (चादरी-टॉवेल ठेवायची खोली), स्टाफच्या जेवायच्या जागेतून, शाफ्टमधून (पाइप न्यायची उभी पोकळी) आणि पॅसेजच्या रुंदीतून. हे सगळं हॉटेल उघडल्यावर तिसऱ्या महिन्यात परत मागितलं जातं, तेव्हा भिंती तोडून द्यावं लागतं. म्हणून हा वाद कागदावर असतानाच घालून घ्या.

बाथरूम पाठीला पाठ लावून आणि वरच्या मजल्याच्या बरोब्बर खाली खालचं, हे सोडू नका, कितीही सुंदर प्लॅन सुचला तरी. दोन बाथरूममध्ये एक शाफ्ट, आणि शाफ्टचं दार पॅसेजमध्ये उघडलं पाहिजे. खोलीत उघडलं तर रात्री दोन वाजता गळती लागली की प्लंबर झोपलेल्या पाहुण्याच्या खोलीतून जाणार.

उंची कमी असेल तर सगळीकडे फॉल्स सीलिंग मारत बसू नका. एसीचं युनिट आणि पाइप दारातून आत आल्यावर जो छोटा पट्टा असतो, बाथरूमच्या बाजूचा, तिथे डोक्यावर घ्या. तिथलं सीलिंग २.३-२.४ मीटरवर आलं तरी चालतं कारण तिथे कोणी थांबत नाही, आणि तिथून पुढे बेडपाशी पूर्ण उंची मोकळी सोडली की खोली आहे त्यापेक्षा मोठी वाटते.

आणि फायरवाल्या सल्लागाराला प्लॅन फायनल झाल्यावर नाही, पहिल्या स्केचला बोलवा. दोन वेगवेगळे जिने, आपोआप बंद होणारी खोलीची दारं, स्प्रिंकलर, धूर पसरू नये म्हणून पॅसेजचे भाग, हे त्या त्या शहराच्या नियमाप्रमाणे बदलतं पण जागा सगळीकडेच खातं. तीच गोष्ट व्हीलचेअरच्या खोल्यांची. १.५ मीटर व्यासाचं वळायचं वर्तुळ बाथरूममध्ये शेवटी बसवायला गेलात तर बसत नाही. आणि ती खोली मागच्या कोपऱ्यात, बिना खिडकीची देऊ नका, हे लिहावं लागतं याचंच वाईट वाटतं.

जुनी इमारत असेल तर एक काम जास्तीचं, कुठेतरी एका कोपऱ्यात प्लास्टर, फ्लोअरिंग, सीलिंग सगळं फोडून आत काय आहे ते बघा आणि मगच बजेट सांगा. पण जुन्या इमारतीत जे असतं ते विकत मिळत नाही हेही खरं. ब्रुकलिनमधलं वायथ हॉटेल १९०१ सालच्या फॅक्टरीत २०१२ मध्ये उघडलं, तिथे इमारतीतून निघालेल्या जुन्या पाइन लाकडाचेच बेड केले. केप टाउनचं सायलो हॉटेल तर १९२४ च्या धान्याच्या सायलोत आहे, थॉमस हेदरविक या ब्रिटिश डिझायनरने वरच्या काँक्रीटच्या चौकटींमध्ये उशीसारख्या फुगलेल्या काचा बसवल्या आणि लांबूनही ते ओळखू येतं. शांघायच्या वॉटरहाउसमध्ये नेरी अँड हू या आर्किटेक्ट जोडीने १९३० च्या दशकातल्या भिंतीचे पापुद्रे तसेच ठेवले आणि नवीन भाग गंजलेल्या दिसणाऱ्या स्टीलचा केला, जुनं जुनं दिसतं नवं नवं, मध्ये लपवाछपवी नाही. मला हे शेवटचं सगळ्यात प्रामाणिक वाटतं, पण झोपायच्या खोलीत पापुद्रे सुटणारी भिंत नको, सीलर मारूनही रात्री बारीक भुकटी उशीवर पडते.

पायरी २: कन्सेप्ट एका वाक्यात

वाक्य असं हवं की त्यावरून सुताराला पण निर्णय घेता आला पाहिजे. "निसर्ग आणि आधुनिकतेचा संगम" याच्यावरून दाराची मूठ कुठली घ्यायची ते ठरत नाही. "ही छापखान्याची इमारत होती, सगळं लोखंड उघडं आणि सगळं कापड शाईच्या रंगाचं" याच्यावरून ठरतं. वाक्य झालं की परीक्षा घ्या, दाराची मूठ, खोलीचा नंबर, ग्लास आणि पॅसेजचा दिवा या चार गोष्टी त्या वाक्यावरून निवडता येतात का बघा, नाही आल्या तर वाक्य बदला.

याचं टोक म्हणजे कोपनहेगनचं १९६० चं एसएएस रॉयल हॉटेल, आर्ने याकोबसेन या डॅनिश आर्किटेक्टने इमारतीपासून काट्या-चमच्यापर्यंत सगळं स्वतः केलं, एग आणि स्वान या खुर्च्या त्याच हॉटेलसाठी जन्मल्या, आणि ६०६ नंबरची खोली अजून मूळ रूपात जपून ठेवलीय. तेवढं आपल्याकडून होणार नाही, व्हायची गरजही नाही. उलट टोक बघायचं तर माद्रिदचं पुएर्ता अमेरिका, २००५ चं, तिथे प्रत्येक मजला वेगळ्या नामांकित डिझायनरला दिला. बघायला मजा, पण त्या मेंटेनन्स टीमच्या स्टोअररूमचा विचार करून मला घाम फुटतो, किती प्रकारचे बल्ब ठेवत असतील!

छोट्या खोल्यांना एकच जोरदार गोष्ट द्या. न्यूयॉर्कच्या पॅरामाउंटमध्ये १९९० साली फिलिप स्टार्क या फ्रेंच डिझायनरने अगदी लहान खोल्यांत बेडच्या डोक्याशी व्हर्मीर या जुन्या डच चित्रकाराचं, लेस विणणाऱ्या बाईचं चित्र भलंमोठं करून लावलं. बाकी खोली जवळजवळ पांढरी. लोकांना ते चित्र लक्षात राहिलं. पाच गोष्टी ओरडल्या की एकही ऐकू येत नाही.

पायरी ३: चादर कुठून येते

हा भाग मासिकात छापून येत नाही म्हणून इथे लिहिते. एका बेडसाठी चादरीचे तीन सेट लागतात, एक बेडवर, एक धुवायला, एक कपाटात. ४० खोल्यांचे तीन सेट, वर टॉवेल, वर ड्युव्हे कव्हर (रजईची खोळ), हे ठेवायला प्रत्येक मजल्यावर एक छोटी खोली हवीच, आत सिंक हवं आणि ट्रॉली पूर्ण आत जाऊन दार बंद झालं पाहिजे. नाहीतर ट्रॉली दिवसभर पॅसेजमध्ये उभी आणि तुमचा तो दीड लाख वेळा विचार करून निवडलेला वॉल फिनिश तिच्या मागे.

स्टाफच्या वाटा लाल पेनाने आणि पाहुण्याच्या निळ्या पेनाने एकाच प्लॅनवर काढा. कचरा, मळके कपडे, स्वयंपाकघराचा माल, कर्मचारी. लाल आणि निळी जिथे छेदतात तिथे थांबा. लॉबीत छेदत असतील तर प्लॅन परत करा, याला पर्याय नाही. एकच लिफ्ट परवडत असेल तर निदान ती एवढी मोठी घ्या की ट्रॉली आणि माणूस दोन्ही मावतील, आणि स्ट्रेचरचंही बघून घ्या.

पायरी ४: खोली, अंधारातून

आता मुख्य भाग. डोळे मिटा आणि चालत जा. दार उघडलं, हातात बॅग. कार्ड टाकायची जागा हाताला लागते का? कार्ड टाकल्यावर सगळे दिवे एकदम भप्पकन लागू नयेत, दाराजवळचा आणि बेडजवळचा एक मऊ दिवा एवढंच. कार्ड काढलं तरी एक सॉकेट चालू राहिला पाहिजे कारण लोक लॅपटॉप चार्जिंगला लावून जेवायला जातात. नाही ठेवलात तर कार्डच्या जागी व्हिजिटिंग कार्ड खुपसून एसी पण दिवसभर चालू ठेवतील, हे मी किती हॉटेलांत पाहिलंय त्याची गणतीच नाही.

मग बॅग. मोठी बॅग उघडी ठेवायला साधारण ७५ बाय १०० सेंटीमीटर जागा लागते, आणि दोन माणसांच्या दोन बॅगा असतात, हे कसं कोणाला आठवत नाही देव जाणे. एकासाठी ४५ सेंटीमीटर उंचीचं बाकडं द्या, दुसरीसाठी बाकड्याखाली किंवा खिडकीखाली मोकळी जागा ठेवा. बंद कपाट एका-दोन रात्रींच्या पाहुण्याला लागत नाही, उघडी दांडी आणि खुंट्या बास. खुंट्या मात्र भरपूर. दाराजवळ, बाथरूममध्ये, आरशाच्या बाजूला. खुंट्या जास्त झाल्या अशी तक्रार आजपर्यंत एकाही पाहुण्याने केलेली मी ऐकली नाही.

बेडची उंची गादीसकट ५५ ते ६० सेंटीमीटर. दोन्ही बाजूंना निदान ६०, जमलं तर ७५ सेंटीमीटर मोकळं, चादर घालणाऱ्यासाठी. बेडचा पाया जमिनीपर्यंत बंद करा, म्हणजे खाली मोजे, चार्जर आणि धूळ जमत नाही, पण तो पाया गादीपेक्षा १० सेंटीमीटर आत घ्या नाहीतर अंधारात नडगी फुटते. डोक्याशी कापडी पॅनेल करणार असाल तर ते काढता आलं पाहिजे, कारण वर्षभरात तिथे केसांच्या तेलाचे दोन गोल डाग पडतातच, अगदी शेजारी-शेजारी दोन डोळे असल्यासारखे दिसतात.

बेडवर आडवं पडून हात लांब करा. तिथे, तिथेच, वाचायचा दिवा, सगळं बंद करायचा एक मास्टर स्विच आणि सॉकेट हवा. दोन्ही बाजूंना, एका बाजूला नाही. बेडपाशी तीनच्या वर स्विच देऊ नका आणि टचवाल्या काळ्या काचेच्या पॅनेलच्या मोहात तर अजिबात पडू नका, रात्री चष्मा काढलेला असतो. साधा खटक्याचा स्विच, खाली एक शब्द लिहिलेला. सॉकेट बेडच्या मागे लपवू नका, जमिनीपासून ७० सेंटीमीटरच्या आसपास, बाजूच्या टेबलाच्या वर, यूएसबी-सी सकट. बाथरूमकडे जाताना पायाशी हालचालीवर लागणारा अगदी मंद दिवा ठेवा, आणि त्याचा उजेड झोपलेल्या दुसऱ्या माणसाच्या डोळ्यावर जात नाही ना हे आडवं पडूनच तपासा.

पडद्याचं दुःख तर जुनं आहे. ब्लॅकआउट कापड लोक चांगलं घेतात आणि उजेड येतो मधल्या फटीतून. हँगरच्या चिमट्याने दोन पडदे एकमेकांना जोडून झोपणारे पाहुणे जगभर आहेत. पडदे मध्ये १५-२० सेंटीमीटर एकमेकांवर चढले पाहिजेत, बाजूंना भिंतीपर्यंत वळले पाहिजेत आणि वर पेल्मेट (पडद्याची दांडी झाकणारी पेटी) बंद हवं. मग बघा खोलीत अजून काय चमकतं ते. टीव्हीचा लाल ठिपका, एसीचा आकडा, राउटर. एसीचा डिस्प्ले बंद करता येणाराच घ्या. आणि एसीची हवा थेट बेडवर पडते का ते झोपून बघा, ड्रॉइंगवर ते कळत नाही.

दिव्यांचा रंग खोलीत २७०० केल्विन, म्हणजे उबदार पिवळसर, सगळीकडे तोच. एक २७०० आणि शेजारी पांढरट ४००० लागला की महागडी खोलीसुद्धा दवाखाना वाटते. वस्तूंचे रंग खरे दिसावेत म्हणून सीआरआय (त्याचंच माप, १०० पैकी) ९० च्या वरचा घ्या, आणि डिमर लावणार असाल तर तोच दिवा आणि तोच ड्रायव्हर (एलईडीला वीज देणारी डबी) जोडून आधी तपासा, कमी उजेडात लुकलुकणारे एलईडी फार असतात. सीलिंगच्या मधोमध डाउनलाइट मारू नका. आडव्या पडलेल्या माणसाच्या डोळ्यात तोच जातो.

पायरी ५: आवाज

माझ्या मते हॉटेल इथे पास किंवा नापास होतं, आणि बजेट कापायची वेळ आली की पहिली कात्री इथेच लागते कारण आवाज फोटोत दिसत नाही. दोन खोल्यांमधली भिंत किमान एसटीसी ५० ची हवी (भिंत किती आवाज अडवते त्याचं माप), त्याच्या वर गेलात तर चांगलंच. पोकळ ब्लॉकची एक भिंत आणि वर प्लास्टर यावर विसंबू नका. वेगवेगळ्या दोन फ्रेमवर दोन-दोन थर जिप्सम बोर्ड आणि मध्ये रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर), असं केलं तर हलकी भिंतसुद्धा छान काम करते. पण, आणि हा पण मोठा आहे, भिंत स्लॅबपासून स्लॅबपर्यंत गेली पाहिजे. फॉल्स सीलिंगपाशी थांबवली तर आवाज वरून उडी मारून पलीकडे जातो आणि मग कितीही थर लावा. तसंच दोन खोल्यांचे सॉकेट बॉक्स एकाच जागी पाठीला पाठ लावू नका, ते भिंतीतलं भोकच आहे. एका कामात इलेक्ट्रिशियनने वायर वाचवायला नेमकं हेच केलं होतं आणि शेजारचा माणूस फोनवर कोणाशी भांडतोय ते नावासकट कळत होतं.

दार दुसरा चोर. भरीव लाकडाचं दार, चौकटीला तिन्ही बाजूंनी रबर आणि खाली दार बंद झालं की उतरणारी पट्टी. खालची फट तशीच ठेवली तर पॅसेजमधल्या बॅगेच्या चाकांचा आवाज उशीपर्यंत येतो. दार आपोआप बंद होताना धाडकन आपटत नाही ना, हे प्रत्येक दाराचं क्लोजर हाताने सेट करून बघावं लागतं. समोरासमोर दारं असतील तर थोडी पुढे-मागे सरकवा. बेडचं डोकं शेजारच्या खोलीच्या टीव्हीच्या भिंतीवर येऊ देऊ नका, बेड बेडच्या भिंतीला आणि टीव्ही टीव्हीच्या, असे आरशातल्यासारखे प्लॅन फिरवले की हे आपोआप जमतं. लिफ्टच्या भिंतीला लागून बेड तर नकोच, तिथे लिनन रूम टाका.

रस्त्याकडची खिडकी म्हणजे नुसती डबल ग्लेझिंग म्हणून चालत नाही. दोन्ही काचा वेगळ्या जाडीच्या हव्यात, एक लॅमिनेटेड, कारण सारख्या जाडीच्या काचा एकाच पट्टीतल्या आवाजाला सारख्याच कमकुवत असतात. ट्रॅफिक खूपच असेल तर जुन्या खिडकीच्या आत १०० मिलिमीटर किंवा जास्त अंतर सोडून दुसरी खिडकी, हा उपाय जुन्या इमारतीत फार चांगला पडतो आणि बाहेरून दर्शनी भाग पण बदलत नाही. मात्र खिडकी एवढी बंद केल्यावर ताजी हवा मशिनने द्यावी लागते, ते विसरलं की सकाळी डोकं जड.

हे सगळं झालं, बाहेर शांत झालं, की मग आतले आवाज ऐकू यायला लागतात. मिनीबारची घरघर, एसीचा पंखा, ड्रेनेज पाइपमधलं पाणी. मिनीबार कॉम्प्रेसरचा न घेता बिनआवाजी ॲब्सॉर्प्शन प्रकारातला घ्या, एसी रात्रीच्या लो स्पीडवर ३० डेसिबलच्या आसपास राहील असा, आणि ड्रेनेजचा पाइप बेडच्या भिंतीतून नेऊच नका, न्यावाच लागला तर आवाज दाबणारा पाइप आणि वर गुंडाळी.

पायरी ६: बाथरूम

पहिल्यांदा राग काढून घेते. बाथरूम आणि बेडच्या मध्ये आरपार काच! नव्या ओळखीतल्या दोन सहकाऱ्यांनी, आई-मुलाने, किंवा पोट बिघडलेल्या कोणीही काय करायचं? उजेड आत घ्यायचाच असेल तर वरती पट्टी घ्या किंवा टॉयलेट तरी वेगळ्या बंद दारामागे द्या. सरकतं दार द्यायचं तर त्याला रबर आणि खरी कडी हवी, फट राहणारं फार्महाउसछाप दार नको.

शॉवरचा नळ शॉवरच्या खाली नको, आत शिरायच्या बाजूला. म्हणजे न भिजता चालू करता येतो. मीटरला १५ ते २० मिलिमीटर उतार, आणि नहाणी ट्रॅप लांब पट्टीचा घेतला तर मोठी टाइल न कापता एकाच दिशेला उतार देता येतो. काचेचा पार्टिशन रुंदीला ९० सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर पाणी बाहेर येणारच. वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी तुंबवून ठेवा, २४ ते ४८ तास, प्रत्येक बाथरूममध्ये, एकही न सोडता, आणि खालच्या मजल्यावर जाऊन स्लॅब बघा. काँट्रॅक्टर म्हणेल दोन-चार केल्या की बाकीच्या तशाच असतात. नसतात. जमिनीची टाइल ओली असताना अनवाणी उभं राहून निवडा, शोरूममध्ये बूट घालून नाही.

गरम पाणी टाकीत ६० अंश सेल्सियस आणि लाइनमध्ये निदान ५० राहिलं पाहिजे, नाहीतर लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात, आणि कोणी भाजू नये म्हणून शॉवरला थर्मोस्टॅटवाला मिक्सर. गरम लाइन सतत फिरती ठेवा, परत टाकीकडे येणारी, म्हणजे पाचव्या मजल्यावरच्या माणसाला तीन मिनिटं थंड पाण्याकडे बघत उभं राहावं लागत नाही. पाइपचे बंद पडलेले फाटे, जिथे पाणी साचून राहतं, ते ठेवूच नका.

आरशाचे दिवे चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना, वरून एकच नको, वरून आला की डोळ्यांखाली काळी वर्तुळं दिसतात आणि पाहुण्याला वाटतं झोपच झाली नाही. बेसिनजवळ टॉयलेटरीची पिशवी उघडून ठेवता येईल एवढी कोरडी जागा. ते सुंदर वाडग्यासारखं बेसिन सगळा कट्टा खात असेल तर ते बेसिन चुकीचं.

पायरी ७: मटेरिअल, थोडक्यात

घरचं फर्निचर हॉटेलात वर्षभर टिकत नाही. सोफ्याचं कापड मार्टिंडेल (कापड घासून बघायची चाचणी) ४०,००० च्या पुढचं आणि आगीच्या नियमात बसणारं. पॅसेजच्या भिंतीला साधारण एक मीटर उंचीपर्यंत ट्रॉली आणि बॅगा घासतात, तिथे चुन्याचा नाजूक गिलावा नको, लाकूड किंवा जाड व्हिनिल किंवा पुसता येणारा पेंट, आणि बाहेरच्या कोपऱ्यांना गार्ड. मॅट काळे नळ कठीण पाण्याच्या शहरात पांढरे ठिपके पकडतात. संगमरवरावर लिंबू किंवा वाइन सांडली की कायमचा डाग. शॉवरमध्ये टाइलच्या सांध्यांत इपॉक्सी ग्राउट. आणि ज्या गोष्टीला पाहुण्याचा हात लागतो, मूठ, नळ, स्विच, टेबलाची कड, तिथे पैसे घाला, सीलिंगच्या डिझाइनमधून काढून इथे घाला.

पायरी ८: लॉबी

सगळे लॉबीपासून सुरू करतात म्हणून मी शेवटाकडे ठेवली. १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉयल्टन हॉटेलच्या लांबलचक लॉबीला स्टार्कने जवळजवळ रंगमंच केलं, लोक तिथे बघायला आणि दिसायला यायला लागले, तेव्हापासून प्रत्येकाला तसलीच लॉबी हवी असते. करा, पण चेक-आउट झालेल्या पाहुण्यांच्या बॅगा ठेवायची खोली त्याच मजल्यावर द्या. दाराच्या आत दोन-तीन मीटर पायपुसणं जमिनीत बसवून घ्या. एकच जागा सकाळी नाश्ता, दुपारी लॅपटॉप, रात्री बार अशी वापरणार असाल तर दिव्यांचे तीन सीन एका बटणावर, आणि सीलिंगमध्ये आवाज शोषणारं काहीतरी, नाहीतर ३० माणसं बसली की ६० बसल्यासारखा गोंगाट. रिसेप्शनचं टेबल कितीही हलकंफुलकं केलं तरी प्रिंटर, केबल, चाव्या आणि कोणाचातरी डबा कुठेतरी ठेवावा लागतोच, ते लपवायचा कप्पा ड्रॉइंगमध्येच दाखवा.

पायरी ९: एक खोली पूर्ण बांधा आणि तिथे झोपा

बाकीच्या खोल्यांची ऑर्डर जायच्या आधी मॉक-अप रूम, म्हणजे नमुन्याची खोली, खरी, पाणी-वीज-एसी चालू असलेली. प्लायवूडची नाही. शेजारची निदान एक भिंत आणि दार पण खरं करा म्हणजे आवाज तपासता येतो, एकाने शेजारी टीव्ही लावायचा आणि दुसऱ्याने इकडे उशीवर डोकं ठेवायचं. मग मालक, मॅनेजर, हाउसकीपिंगचा माणूस आणि तुम्ही, प्रत्येकाने वेगवेगळ्या रात्री तिथे झोपायचं, बॅग घेऊन, आणि सकाळी आंघोळ करूनच बाहेर यायचं. हाउसकीपिंगवाल्याला घड्याळ लावून खोली साफ करायला सांगा, कुठे वाकावं लागतं, कुठे फडकं पोचत नाही ते तोच सांगेल.

माझ्या गेल्या मॉक-अपमधून निघालेली यादी: शॉवरच्या काचेचं दार टॉवेलच्या दांडीवर आपटतं, केटलचा प्लग मिनीबारच्या दाराआड जातो, बेडवरून टीव्हीत खिडकी दिसते, हेअर ड्रायरची वायर आरशापर्यंत पोचत नाही, डाव्या बाजूचा मास्टर स्विच उशीने झाकला जातो. ड्रॉइंगवर आम्ही चार जणांनी सह्या केल्या होत्या, कोणालाही दिसलं नव्हतं.

हे सगळं दुरुस्त केलेली खोली काम संपेपर्यंत मोडायची नाही, काँट्रॅक्टरशी वाद झाला की तिथे जाऊन बोट दाखवायचं. आणि शेवटची ऑर्डर टाकताना टाइल्स, कार्पेट, वॉलपेपर आणि सोफ्याचं कापड ५ टक्के जास्तीचं घ्या, त्याच बॅचचं, खोक्यावर खोली नंबर आणि रंगाचा कोड लिहून स्टोअरमध्ये, कारण पहिली टाइल फुटेल तोवर ती शेड बाजारातून गेलेली असते.